एकशे अठ्ठावन्नावं कार्ड

१

बुधवारी सकाळी ऋता देवस्थळीने कार्डं तिसऱ्यांदा मोजली, आणि तिसऱ्यांदाही ती दोनशे अकराच भरली.

सोमवारी ती दोनशे बारा होती. तिनेच मोजली होती, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा घातला होता आणि पावतीवर सही केली होती. दहा-दहाचे गठ्ठे करून दोऱ्याने बांधायचे, ही तिची जुनी सवय. आता सोळाव्या गठ्ठ्यात नऊच कार्डं होती. एकशे सत्तावन्ननंतर थेट एकशे एकोणसाठ.

पाया लेबारच्या ऑफिसात, त्या अकराव्या मजल्यावर, नवाच्या आत कुणी येत नसे. ऋता आठालाच येई, कारण घरी थांबण्यासारखं काही नव्हतं. पासिर रिसला एका चिनी म्हातारीच्या फ्लॅटमधली एक खोली तिने भाड्याने घेतली होती. म्हातारीला होक्कियेन या चिनी बोलीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. भाडेकरारात ‘लाइट कुकिंग ओन्ली’ असं लिहिलेलं, त्यामुळे तीन वर्षांत ऋताने फोडणी म्हणून घातली नव्हती. रविवारी पुण्याहून धाकटी बहीण नीता फोन करायची तेवढंच घरी मराठी. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी परदेशात एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर, राहणाऱ्या बाईला नोकरी गेली, तर तीस दिवसांत गाशा गुंडाळावा लागतो, आणि ऋताच्या पासची मुदत सहा आठवड्यांवर आली होती.

कार्डं आली होती कॅनडाच्या उत्तरेकडून, हेरन नॅरोज नावाच्या एका आदिवासी वस्तीतून. चारशे माणसं, चारी बाजूंनी तळी आणि जंगल. जायचं-यायचं ते छोट्या विमानाने. इतकी वर्षं तिथे बाहेरचे पोलीस येत. फोन केला आणि हवा बरी असली तर दुसऱ्या दिवशी, नाहीतर चौथ्या. येत, माणसाला विमानात घालत आणि घेऊन जात. आता वस्तीने ठरवलं होतं की पोलीस आपले असतील. कायदा आपला, शिपाई आपल्यातलेच, आणि त्यांच्या डोक्यावर वस्तीने निवडलेलं मंडळ. त्यासाठी दोन-दोन सरकारांशी सहा वर्षं बोलणी चालली. मग घरोघर कोरी कार्डं वाटली. प्रश्न एकच: तुम्हाला कसले पोलीस हवेत? सही करायची नाही.

पण चारशेच्या वस्तीत सही नसून काय उपयोग? जो तो प्रत्येकाचं अक्षर ओळखतो. म्हणून मंडळाने ठरवलं, की कार्डं परक्या माणसाने वाचावीत, टाइप करावीत आणि मग ती जाळून टाकावीत. ऋताची कंपनी छोट्या पोलीस दलांसाठी नोंदींचं सॉफ्टवेअर बनवायची. हेरन नॅरोजचं काम मिळालं तेव्हा त्याबरोबर हेही आलं. अटी कडक होत्या. फोटो नाही, प्रत नाही, वस्तीतल्या कुणी अक्षर पाहायचं नाही. एक जरी कार्ड कमी भरलं तरी मंडळ कायद्यावर मत घेणार नव्हतं, आणि सहा वर्षं पाण्यात जाणार होती.

ऋताने नऊ कार्डं पुन्हा जुळवली आणि दोरा उचलला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की मघाशी सोडलेली गाठ तिची नव्हती. ती नेहमी सुरगाठ मारायची, एक टोक ओढलं की सुटणारी. ही चपटी होती, दोरा दोनदा गुंडाळून स्वतःच्याच खालून काढलेला. नखांनी सुटेना म्हणून तिने ती पेन्सिलीच्या टोकाने उकलली होती.

तिने बाकीचे गठ्ठे पाहिले. चौदा, पंधरा, सतरा, अठरा या चारांवर बुटाच्या लेससारखी फुलाची गाठ होती. तीही तिची नव्हती.

२

साडेनऊला शैलेंद्र बापट आला. कंपनी त्याची. वागायला मोकळा, पण काही बिघडलं की समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नसे. त्याने दार लावून घेतलं.

“तुमची मोजायची चूक झाली असेल ऋता.”

“मी आकडे घातलेत. एकशे अठ्ठावन्न हा आकडा मी कशावर तरी घातलाच ना?”

“किंवा सुटला. माणूस दोनशे वेळा आकडे घालतो, एखादा सुटतो. दोनशे अकराच होती असं लिहून द्या. मी त्यांना समजावतो. तुमच्या पासचे कागद माझ्या टेबलावरच आहेत, मी आज सही करतोय.”

धमकी म्हणावी तर तो हसत होता. खरं तर ऋताला मोह झाला. एक ओळ लिहायची होती. पुण्यातलं घर विकून झालेलं, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. परत जायचं तर नीताच्या हॉलमधल्या दिवाणावर. एक ओळ लिहिली की संपलं.

“पाहुणे येईपर्यंत थांबू या,” ती म्हणाली.

कार्डं घेऊन आलेले पाहुणे दोघं होते. अल्बर्ट हा मंडळाचा अध्यक्ष, सत्तरीचा, हळू बोलणारा. डोरीन ही नव्या दलाची नियोजित प्रमुख, पन्नाशीची, आखूड केसांची, कडक पाठीची. पूर्वी ती बाहेरच्या पोलिसांत होती, वस्तीतून गेलेली एकटीच.

ऋताने दोघांना खरं तेच सांगितलं. डोरीनने टेबलाच्या कडेवर हात ठेवला आणि तिथेच ठेवून बसली. अल्बर्टने सोळाव्या गठ्ठ्याचा दोरा हातात घेतला. गाठीचा वेढा अजून त्यात उमटलेला होता. त्याने दोरा बोटाभोवती दोनदा गुंडाळला, टोक खालून काढलं, ओढलं. तीच चपटी गाठ तयार झाली.

“चांगली गाठ आहे,” तो म्हणाला. मग त्याने ती सोडवली आणि दोरा ऋताला परत दिला. डोरीनकडे त्याने पाहिलं नाही. “आज संध्याकाळी मला मंडळाला फोन करायचाय. सहापर्यंत जे कळेल ते मी त्यांना सांगेन.”

“आणि काहीच कळलं नाही तर?” शैलेंद्रने विचारलं.

“तर आम्ही कार्डं घेऊन परत जाऊ.”

३

ऋताने कागद घेतला आणि कपाट केव्हा उघडं राहू शकलं असेल ते लिहून काढलं.

सोमवारी कार्डं मोजून कपाटात गेली. किल्ली रात्री तिच्या पर्समध्ये. मंगळवारी सकाळपासून विनीता कर्णिक एकेक कार्ड वाचून टाइप करत होती. अल्बर्ट आणि डोरीन टेबलाच्या पलीकडे बसून फक्त ऐकत होते. जेवणाच्या सुट्टीत ऋताने कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या ड्रॉवरमध्ये टाकली. ड्रॉवरला कुलूप नव्हतं. आणि ती किल्ली तिथे टाकताना सगळ्यांनीच पाहिलेलं होतं. मग ती अल्बर्टला खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, घेऊन गेली, कारण त्याला एकट्याला तिथे काय मागायचं ते कळेना. त्याने माशाचं सूप घेतलं, तिने थोसाई, म्हणजे आपला डोसाच. पन्नास मिनिटं दोघं एकाच टेबलाशी होते. आधी कामापुरतं बोलले, मग तेही थांबलं, आणि तिला ते आवडलं होतं.

दुपारी पुन्हा वाचन. साडेपाचला एकशे तीस कार्डं झाली. उठताना डोरीन म्हणाली होती, “एक्क्याऐंशी राहिली. उद्या जेवायच्या आत उरकतील.” सगळ्यांनी माना डोलावल्या. किल्ली पुन्हा ऋताच्या पर्समध्ये गेली.

म्हणजे काय ते मंगळवारच्या सुट्टीत झालं. ती आणि अल्बर्ट सोडले तर तिघं उरत होती. शैलेंद्र त्याच्या केबिनमध्ये. डोरीन डोकं दुखतंय म्हणून पँट्रीतल्या सोफ्यावर. आणि विनीता जेवायला गेली होती, असं ती म्हणाली होती.

पण हॉकर सेंटरमध्ये ऋताला विनीता दिसली नव्हती.

विनीता पँट्रीत कप विसळत होती. तिशीतली, सेंगकांगला नवरा आणि लहान मुलीबरोबर राहणारी, शैलेंद्र सोडला तर कंपनीतली दुसरी एकच मराठी. एके काळी दोघी रोज बरोबर जेवायच्या. या वर्षी दोघींपैकी एकीलाच ठेवणार अशी कुणकुण लागल्यापासून ते आपोआप बंद झालं होतं.

“काल दुपारी तू कुठे होतीस?”

“खाली. सांगितलं ना.”

“विनीता, मी खाली होते.”

नळ चालूच राहिला. “तुम्हाला वाटतंय मी केलं. म्हणजे तुमची जागा...”

“मला काही वाटत नाही. मला विचारायचंय.”

विनीताने नळ बंद केला. “शेजारच्या छोट्या खोलीत होते. बारा चाळीस ते एक दहा. इंटरव्ह्यू देत होते, दुसऱ्या कंपनीचा, फोनवर. शैलेंद्रना सांगू नका ऋताताई. तुमच्याशी भांडण नको म्हणूनच बघतेय मी दुसरीकडे.”

इतके महिने ऋता या मुलीला टाळत होती.

“तिथून काचेतून मीटिंग रूम दिसते,” विनीता हलकेच म्हणाली. “एकच माणूस आत गेला. कपाट उघडलं, बरेच गठ्ठे बाहेर काढले. पाच-सात मिनिटांनी बाहेर आला.”

“कोण?”

“शैलेंद्र.”

४

शैलेंद्रने आधी नाही म्हटलं. ऋता उभीच राहिली, तेव्हा त्याने लॅपटॉप मिटला.

“फोटो काढायला गेलो होतो.”

“फोटो काढायचा नाही अशी अट होती.”

“माहीत आहे हो. वाचता येईल असा नाही काढला. नुसती मांडणी. हाताने लिहिलेली पन्नास कार्डं, लाकडी टेबल. अशा आणखी वीस वस्त्या आहेत जगात, त्यांना दाखवायला काहीतरी हवं. पाच गठ्ठे सोडले, पसरले, फोटो घेतला, पुन्हा बांधून ठेवले. एकही कार्ड घेतलं नाही.”

“कसे बांधले?”

“कसे म्हणजे? बांधतात तसे.” त्याने हवेत बोटं फिरवली. फुलाची गाठ.

“पाचही?”

“पाचही.”

“फोटो दाखवा.”

बारा वाजून बावन्न मिनिटांचा फोटो होता. कार्डांच्या रांगा तिरक्या लागलेल्या, कोपऱ्यांत तिचे पेन्सिलीचे आकडे. चौथ्या रांगेत एकशे अठ्ठावन्न होतं. अक्षर डावीकडे झुकलेलं, दाबून लिहिलेलं, जेमतेम पाच-सहा ओळी. दोन बोटांनी फोटो ताणला असता तर शब्द वाचता आले असते. ऋताने बोटं काचेपासून लांब ठेवली.

“फोन मला संध्याकाळपर्यंत द्या.”

“आणि तुम्ही अल्बर्टला जाऊन सांगणार.”

“तुम्ही सांगा. माझ्याआधी.”

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. गाठी डोळ्यांपुढे होत्या. शैलेंद्रने पाच गठ्ठ्यांवर फुलाची गाठ मारली. सकाळी चारांवरच होती. म्हणजे त्याच्यानंतर, विनीता एक दहाला उठून गेल्यावर, कुणीतरी आलं, आणि त्या माणसाने फक्त सोळावा गठ्ठा सोडला. वाचायच्या राहिलेल्या बाकी सगळ्या गठ्ठ्यांवर एकतर त्याची गाठ होती, नाहीतर तिची स्वतःची. त्या माणसाने शोधाशोध केलीच नाही. कुठलं कार्ड, कुठल्या गठ्ठ्यात, हे त्याला आधीच ठाऊक होतं.

आकडे कुणाला ठाऊक होते? सोमवारी आकडे घालताना खोलीत तिघंच होती. ती, अल्बर्ट आणि डोरीन. विनीता त्या दिवशी घरून काम करत होती, आणि शैलेंद्र दुपारी आला तोवर कपाट बंद झालेलं होतं.

अल्बर्ट तर तिच्यासमोर सूप पीत होता.

मग तिला सोमवार आठवला. एसीच्या झोताने एक कार्ड टेबलावरून उडून पलीकडे गेलं होतं. डोरीनने वाकून ते उचललं, उलटं करून दिलं, ऋताने त्यावर आकडा घालेपर्यंत बघत राहिली, आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली. बराच वेळ आली नाही. इतक्या लांबच्या प्रवासानंतर माणसाला होतं असं, म्हणून ऋता पुढचे आकडे घालत राहिली.

पण एवढ्याने कुणाला चोर म्हणता येत नाही. पाणी कुणालाही लागतं. ती कागदावर आकडे मांडत बसली. दोनशे बारातून एकशे तीस गेले. ब्याऐंशी.

ब्याऐंशी.

काल साडेपाचला, कुणी काही मोजायच्या आधी, डोरीन म्हणाली होती: एक्क्याऐंशी राहिली.

५

डोरीन ऑफिसात नव्हती. अल्बर्ट एकटाच खिडकीपाशी बसला होता.

“ती बाहेर गेलीय,” तो म्हणाला. “मला विचारत होती, इथे पाणी कुठे आहे, तळं, समुद्र, काहीतरी. मी म्हटलं ऋताला विचार. तू कामात होतीस, म्हणून तिने रिसेप्शनच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, ट्रेनने शेवटच्या स्टेशनापर्यंत जा.”

शेवटचं स्टेशन पासिर रिस. ऋता तीन वर्षं तिथे राहत होती. समुद्रावर ती एकटीच जायची, एका ठरावीक बाकावर बसायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची.

“अल्बर्ट, ती गाठ...”

“मासेमारीची जाळी दुरुस्त करताना आमच्याकडे सगळे तशीच मारतात. लहान पोरंसुद्धा.” त्याने चष्मा पुसला. “माझं बोलणं झालं तर ते मंडळाचं बोलणं होईल. तिला अजून स्वतः बोलायचंय.”

चार वाजता डोरीन तिला वाळूपाशी सापडली. ट्रेकिंगचे बूट काढून शेजारी ठेवलेले, पाय वाळूत. समोर खाडीपलीकडे जहाजं उभी होती, एकही हलत नव्हतं.

ऋता शेजारी बसली. फोन दोघींच्या मध्ये ठेवला.

“यात फोटो आहे. शैलेंद्रने काल काढला, काढायला नको होता. त्यात ते कार्ड आहे. मी मोठा करून बघितलेला नाही.”

डोरीनने फोनकडे पाहिलं, हात लावला नाही.

“का नाही बघितलास?”

“प्रत काढायची नाही असं ठरलं होतं. मी वाचलं तर ती प्रतच झाली.”

मग डोरीनने विचारलं, “कसं कळलं?”

ऋताने सांगितलं. गाठ, उडालेलं कार्ड, एक्क्याऐंशी. आकडा ऐकून डोरीन किंचित हसली, स्वतःलाच.

“तेवीस वर्षं पोलिसात काढली,” ती म्हणाली. “आणि चोरी करून बाकी बरोबर सांगितली.”

६

“माझा धाकटा भाऊ, लिओन,” डोरीन सांगू लागली. “चोवीस वर्षांचा होता. दारू प्यायला आणि दुकानाची काच फोडली. बस, एवढंच. मी तेव्हा बाहेरच्या पोलिसात होते. हुकूम आला, घेऊन या. विमान आलं. वारा खूप होता, दार उघडं राहत नव्हतं, म्हणून ते मी धरलं. आत चढताना त्याने विचारलं, आईला सांगितलंस का? मी म्हटलं, चढ. कोर्ट सहाशे किलोमीटरवर. तारखा पडत गेल्या. परत यायला चौदा महिने लागले. तोवर आई गेली होती.”

“मग?”

“मग काही नाही. वस्तीच्या दुसऱ्या टोकाला राहतो. रस्ता एकच आहे, त्यामुळे रोज दिसतो. माझ्या बाजूने जातो. अकरा वर्षांत एक शब्द बोललेला नाही. मी पोलीस, त्यामुळे बाकीचेही जपूनच असतात. मी बसले की लोकांना घरची कामं आठवतात.” तिने पायावरची वाळू झटकली. “सोमवारी ते कार्ड माझ्या हातात आलं. अक्षर बघितलं. अकरा वर्षांत त्याचं काही माझ्या हातात आलं नव्हतं. दुसऱ्यांबरोबर बसून, टाइप होताना ऐकायचं नव्हतं मला. आधी एकटीने वाचायचं होतं. म्हटलं वाचेन आणि ठेवीन.”

“ठेवलं का नाही?”

डोरीनने पासपोर्ट काढला. त्यात कार्ड होतं. तिने ते ऋताच्या हातात दिलं.

“तू परकी आहेस. तुला वाचायची मुभा आहे.”

लिहिलं होतं: ‘विमानाचं दार माझ्या बहिणीने धरलं होतं. ती वाईट नाही. पण पोलीस माझ्याच घरातली असेल, तर तिची तक्रार मी कुणाकडे करू? आधी ते सांगा, मग पोलीस आणा.’

“लोक म्हणतील तक्रार लपवली,” डोरीन म्हणाली. “तेही खोटं नाही. प्रमुख व्हायला निघाले होते, हे वाचल्यावर कोण करेल मला प्रमुख? पण खरं सांगू का, मला त्यातली दुसरी ओळ हवी होती. तेवढी ठेवून घ्यायची होती. जाळणार होते ना ते सगळी.”

ऋताने कार्ड परत केलं. तिला शैलेंद्रने सकाळी मागितलेली ओळ आठवली. दोनशे अकराच होती. तेवढं लिहिलं असतं तर ही बाई हे कार्ड पासपोर्टात घालून घरी गेली असती, प्रमुख झाली असती, आणि रोज त्या एकाच रस्त्यावरून चालली असती.

“पावणेपाच झालेत,” ती म्हणाली. “सहाच्या आत पोचू.”

डोरीन बूट घालू लागली. ती एका बुटाची लेस बांधत होती तेवढ्यात ऋताने खाली वाकून दुसऱ्या बुटाची लेस बांधली.

७

अल्बर्टने सगळं ऐकलं. डोरीनने कार्ड टेबलावर ठेवलं, पालथं.

“गाठ बघितलीस तेव्हाच कळलं ना तुला?” तिने विचारलं.

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“आपण सहा वर्षं सरकारला सांगतोय, की आमच्या माणसांना स्वतः येऊन बोलायला वेळ द्या, लगेच विमानात घालू नका.” त्याने घड्याळाकडे पाहिलं. “मी तुला सहापर्यंत वेळ दिला.”

मग त्याने काय होईल ते सांगितलं. कार्ड आपल्या जागी जाईल. ते कसं गेलं आणि कसं परत आलं, ते मंडळाला आज कळेल आणि वस्तीला पुढच्या सभेत. प्रमुख कोण, ते त्यानंतर ठरेल. डोरीनने मान हलवली. शैलेंद्रने आधीच येऊन फोटोची कबुली दिली होती; आता अल्बर्टसमोर त्याने तो पुसून टाकला. अहवालात फोटोचा उल्लेख नसला तर बरं, असं तो दाराशी ऋताला हळूच म्हणाला. ऋताने अहवालात फोटोही लिहिला, किल्लीचा उघडा ड्रॉवरही लिहिला, आणि सकाळी आपल्याला दोनशे अकरा लिहायला सांगितलं होतं तेही लिहिलं.

गुरुवारी वाचन पुढे सुरू झालं. विनीताला कुणी काही सांगितलं नव्हतं. एकशे सत्तावन्नमध्ये कुणाला तरी पोलिसांच्या गाडीवर निळ्याऐवजी हिरवा रंग हवा होता. त्यानंतर तिने पुढचं कार्ड उचललं आणि त्याच एकसुरी आवाजात वाचलं. विमानाचं दार माझ्या बहिणीने धरलं होतं. ती वाईट नाही. डोरीन टेबलाच्या लाकडाकडे पाहत होती. अल्बर्टने डोळे मिटले होते. विनीताची बोटं कीबोर्डवर टकटकत गेली, ओळ संपली, आणि तिने एकशे एकोणसाठ उचललं.

फेब्रुवारीत अल्बर्टचा फोन आला. तिकडे रात्र होती, इकडे जेवणाची सुट्टी. विनीता जानेवारीतच नव्या नोकरीवर गेली होती. ऋताला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली होती, आणि शैलेंद्र आता तिच्याशी कामापुरतंच बोलत असे. ती काचेच्या खोलीत डबा उघडून बसली होती.

वस्तीचे पोलीस सुरू झाले होते, अल्बर्टने सांगितलं. प्रमुख म्हणून शेजारच्या वस्तीतला एक माणूस दोन वर्षांसाठी आणलाय. डोरीन साधी शिपाई आहे. सभेत तिने स्वतः उठून सांगितलं होतं. आणि कायद्यात एक नवं कलम आलं. पोलिसाविरुद्धची तक्रार वस्तीबाहेरच्या तिघांसमोर जाईल, त्यांतला कुणी त्या पोलिसाचा नातेवाईक नसेल. नोंदवहीतली पहिली तक्रार त्याच कलमाखाली आली.

“ती तुला दिसणार नाही,” अल्बर्ट म्हणाला. “सर्व्हर आमच्याकडे आहे. पण दोघांनीही सांगायला हरकत नाही म्हटलंय, म्हणून सांगतो. लिओन स्वतः आला. सही करून नोंदवली. आत दोन तास बोलत होता. नियमाप्रमाणे डोरीनला त्या वेळी इमारतीत थांबता येत नाही, म्हणून ती बाहेर पायरीवर बसली होती. उणे एकतीस होतं.”

“दोन तास?”

“दोन तास. मग तो बाहेर आला. तिच्यासमोर थांबला.”

फोनवर खरखर झाली. ऋताने डब्याचं झाकण लावलं आणि फोन कानाशी घट्ट धरला.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, थंडी आहे, आत जा.”

“आणि?”

“आणि घरी गेला तो. त्यानंतर अजून काही बोललेला नाही.”

“डोरीन?”

“ती थोडा वेळ तिथेच होती,” अल्बर्ट म्हणाला. “मग आत गेली.”